चूलबंद आवतन

कामिनीने एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याची सुटका नसे. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत ती सुरक्षा अधिकारी होती. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, हातमोजे घाला, पिवळ्या पट्टीच्या आत राहा असं बजावूनही तिचं मन भरत नसे, म्हणून उरलंसुरलं ती मनीषनगरातल्या आपल्या अपार्टमेंटमध्ये येऊन बजावत असे. लोक तिच्या पाठीमागे तिची नक्कल करत आणि तिच्यासमोर मुकाट्याने लिफ्टचं दार नीट लावून घेत.

पण यंदाच्या रोडग्यांच्या जेवणाची सूत्रं तिने हातात घेतली तेव्हा कोणी नक्कल केली नाही. गेल्या वर्षी काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत होतं.

गेल्या वर्षी जेवण गच्चीवर होतं. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे जिना. जिन्यातला दिवा गेलेला होता आणि तो बदलायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वच्छलाकाकू गावच्या रीतीप्रमाणे हातात आपलं ताट-पेला घेऊन तो जिना चढत होत्या. कामिनी त्यांच्या मागोमागच होती. आधी ताट घरंगळत खाली आलं, मग काकू. तो आवाज कामिनीच्या कानातून पुढे कितीतरी दिवस गेला नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने वॉकर, आणि त्यात काकूंना साखरेचा आजार, म्हणजे जखमही लवकर भरेना.

त्यांचा मुलगा हर्षित बंगलोरहून धावत आला होता. तो कोणावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दवाखान्याच्या बाकावर कामिनीच्या शेजारी बसून फक्त एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेल्यापासून आई कुठं जातच नाही. काटोलकडचं घर सोडून माझ्यासाठी ती नागपुरात आली, अन् मीच बंगलोरले निघून गेलो. वर्षातून हे एक जेवण राहते तिचं. त्याची वाट पाहते ती."

"पुढच्या वर्षी काकूंच्या केसालाही धक्का लागणार नाही," कामिनी म्हणाली होती. "माझी जबाबदारी."

असा शब्द लोक देतात आणि विसरतात. कामिनी विसरणाऱ्यांतली नव्हती. वर्षभर तिने तो शब्द उरावर बाळगला आणि जानेवारी उजाडताच कामाला लागली.

पहिलं म्हणजे गच्ची रद्द. जेवण खाली, पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत, आणि भर दुपारी उजेडात. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर दोन पायऱ्या उतराव्या लागत. त्यांच्यावर सुताराकडून लाकडी उतार करून घेतला आणि काकूंना बोलवायच्या आधी स्वतः वॉकर घेऊन त्यावरून खाली-वर करून पाहिलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांचा जाळ आलाच. जाडसर कणकेचे ते गोळे निखाऱ्यात भाजल्याशिवाय रोडगे होत नाहीत, आणि गोवऱ्या म्हटल्या की धूर. इमारतीत दम्याचे दोघं होते. मग कामिनीने चार दिवस रोज दुपारी खाली उभं राहून वारा कुठून कुठे वाहतो ते बघितलं आणि भट्टीची जागा कंपाउंडच्या पार कोपऱ्यात ठरवली. शेजारी वाळूच्या बादल्या. एका घरातल्या मुलाला शेंगदाणा चालत नव्हता, तर सगळ्या स्वयंपाकातून शेंगदाणा हद्दपार. लाउडस्पीकर नाही, कारण चौथ्या मजल्यावरच्या उन्नतीची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. आणि इमारतीत साखरेचे आजारी सात-आठ जण, त्यांच्यापुढे इतरांनी गोडधोड हाणायचं हे बरं दिसत नाही, म्हणून गोड पदार्थ अजिबात नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

"हे जेवण होय का पथ्य?" पहिल्या मजल्यावरचे गिरिधरराव मीटिंगमध्ये म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर चहाच्या टपऱ्यांवर वाढलेला. "बिनसाखरेचा चहा मंजे काय गा, गरम पाणीच ना."

"एक दिवस प्या काका. काही होत नाही."

"मले नाही होत. चहाले होते."

सगळे हसले. कामिनीही हसली, पण नियम बदलला नाही.

शेवटचा नियम तिचा स्वतःचा लाडका होता. इमारतीत रात्रपाळी करून आलेले तिघं-चौघं रविवारी दुपारपर्यंत झोपतात, दुसऱ्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ. गेल्या वर्षी पोरांनी "चला चला" करत एकेक बेल वाजवली होती आणि ते रात्रपाळीवाले तर अजून धुसफुसत होते. तेव्हा यंदा कोणीही कोणाच्या दाराची बेल वाजवायची नाही. ताटं वाढायला घेतली की ग्रुपवर मेसेज पडेल, ज्याने त्याने आपापल्या सोयीने खाली यावं. कोणाला घाई नाही, कोणाला त्रास नाही.

हे सगळं तिने ग्रुपवर टाकलं तेव्हा ते सरकारी परिपत्रकासारखं वाटायला लागलं. शेजारची मिनल म्हणाली, "वरती काहीतरी आपल्याकडचं टाक ना यार. असं वाचून जेवाले येईन का कोणी?"

कामिनीचं माहेर सदरमधलं, बापाचं कापडाचं दुकान, खेड्याशी संबंध फक्त गिऱ्हाइकांपुरता. पण कुठल्याशा लग्नाच्या पत्रिकेत तिने एक शब्द वाचला होता आणि तो तिला फार गोड वाटला होता. तिने मेसेजच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'चूलबंद आवतन'. म्हणजे घरातल्या एकूणएक माणसाला जेवायचं निमंत्रण, त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. ग्रुपवर हृदयांचा आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. जेवण रविवारी बारा वाजता.

वच्छलाकाकूंना तिने मुद्दाम तोंडी सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, तेव्हा ऑफिसातून येता येता ती थांबली.

"काकू, रविवारी रोडगे. चूलबंद आवतन आहे बरं का."

काकूंचा चेहरा असा उजळला की कामिनीला वाटलं, वर्षभराचं भरून पावलं. "चूलबंद? खरंच का वं? किती वर्सांनी आयकलं मी हे. आमच्या गावात रुपराव पाटलाच्या घरून चूलबंद आवतन गेलं का गावातून धूर नाही निंघे." रुपराव म्हणजे त्यांचे यजमान. "मंजे गॅस बी नाही पेटवाचा?"

"गॅस बी नाही पेटवाचा!" कामिनी हसून म्हणाली. "खाली उतार केला आहे तुमच्यासाठी, खुर्ची ठेवली आहे. याल ना नक्की?"

"काहून नाही येईन? बोलावनं आलं का मी तयारच राहीन."

"अहो, बोलावणं आलंच आहे ना काकू. ग्रुपवर पाहा, केव्हाचं टाकलं."

"ते त आवतन झालं, पोरी," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात कामिनीचा फोन वाजला. सुतार विचारत होता की उताराला कठडा एका बाजूने हवा की दोन्ही. ती "दोन्ही, दोन्ही" म्हणत, काकूंना हात हलवून लिफ्टमध्ये शिरली. काकूंचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं, डोक्यात गेलं नाही. आवतन काय आणि बोलावणं काय, तिला दोन्ही एकच.

रविवारी सकाळी ऊन छान पडलं होतं. कोपऱ्यात भट्टी पेटली आणि धूर कामिनीने सांगितल्याप्रमाणे निमूटपणे रस्त्याच्या दिशेने गेला. ती कमरेला प्रथमोपचाराचा बटवा बांधून सगळीकडे फिरत होती. त्यात भाजल्यावरचं मलम, पट्ट्या, दम्याचा पंप, सगळं. काकूंची खुर्ची तिने उन्हात ठेवली, वर उशी, पाठीला नावाची चिठ्ठी. आठवणीने उशी दोनदा झटकली.

चहाच्या वेळी गिरिधरराव तिला खांबाआड उभे दिसले. चोरट्यासारखे. शर्टाच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली होती आणि कपात रिकामी करणार एवढ्यात कामिनीने हात धरला.

"काका! हे काय?"

"औषध आहे."

"साखर आहे ही."

"मायासाठी तेच औषध."

"सगळ्यांनी पाळायचं म्हटलं तर सगळ्यांनी." तिने ती पुडी काढून घेतली आणि आपल्या बटव्यात टाकली. "जेवण झाल्यावर परत मिळेल." गिरिधररावांनी कपाकडे आणि मग तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मिनल हसून हसून लोटपोट झाली.

बारा वाजले तरी रोडगे कच्चेच होते. निखाऱ्यांना मेसेज वाचता येत नाही. बाहेरून करपले आणि आतून पीठ, असं तीनदा झालं. लोक उन्हात बसून गप्पा मारत होते, कोणाला काही वाटत नव्हतं. शेवटी एक वाजून गेल्यावर रोडगे फुटले, तुपात पडले, वांग्याच्या भाजीच्या तर्रीने सगळ्या आवारात घमघमाट सुटला. कामिनीने ग्रुपवर टाकलं: 'ताटं वाढली आहेत. सोयीने या.' दहा मिनिटांत पंगत भरली. रात्रपाळीवालेही डोळे चोळत आले. बाळंतीण बाळाला घेऊन खाली आली आणि चक्क हसली.

खुर्ची रिकामी होती.

"काकू नाही आल्या वं," मिनल वाढता वाढता म्हणाली. "बेल वाजवून येऊ का?"

"नको," कामिनी म्हणाली. "नियम तो नियम. झोपल्या असतील. पायाचं दुखणं, उठवलं तर उगाच त्रास. त्यांच्यापुरतं झाकून ठेव, उठल्या की येतील." तिने स्वतः एक ताट वाढून झाकून ठेवलं. समजूतदारपणे वागल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. हे पुढे तिला आठवलं तेव्हा ते तोंड ओरबाडून काढावंसं वाटलं.

पहिली पंगत उठली, दुसरी बसली. कोणाला चटका बसला नाही, कोणाला ठसका लागला नाही, कोणी घसरलं नाही. ती हात धुऊन स्वतः ताटावर बसली आणि पहिला घास तोंडाशी नेला, तेव्हा फोन वाजला. हर्षित.

"ताई, कसं झालं जेवण?"

"एकदम मस्त. तू हवा होतास."

"आई जेवली ना? केव्हाचा फोन लावून राहिलो, उचलूनच नाही राहिली. मले वाटलं खाली असंन, पंगतीत आवाज नसंन येत." तो हसला. "सकाळी बोलली तेव्हा म्हणे, साडेअकराले इंजेक्शन घेऊन घेतो, बारा वाजता पंगत आहे. नाश्ता बी नाही केला म्हणे तिनं. म्हणे आवतनाले भरल्या पोटानं जात असतेत का?"

कामिनीच्या हातातला घास ताटात पडला.

तिला आधी नीट कळलंच नाही. मग एकदम कळलं. साडेअकराला इन्सुलिन, पोटात सकाळपासून काही नाही, आणि आता दोन वाजत आले होते. इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही ते विचारत नाही, ते आपलं काम करत राहतं.

"हर्षित, मी पाहते," एवढं कसंबसं म्हणून ती उठली. उष्ट्या हाताने पळाली. लिफ्ट वर होती, म्हणून जिन्याने पळाली. मागून मिनल, आणि का कोण जाणे, गिरिधररावही.

तिसऱ्या मजल्यावर तिने बेल वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला. बेल वाजवायची गरजच नव्हती. दार उघडं होतं. नुसतं लोटलेलंही नव्हतं, सताड उघडं, खाली पायपुसणी दाबून बसवलेली, वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून.

आत दारासमोरच खुर्चीवर वच्छलाकाकू बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं, केसांचा चापूनचोपून अंबाडा, शेजारी वॉकर तयार. मांडीवर ताट आणि ताटात पालथा पेला, गेल्या वर्षी जिन्यावरून घरंगळला तोच, एका कडेला चेपलेला. मान एका बाजूला कलली होती. तोंड अर्धवट उघडं. कपाळावरून, गळ्यावरून घामाच्या धारा, तेही जानेवारीत.

मिनल किंचाळली. कंपनीत तिने शंभरदा लोकांना शिकवलं होतं की घाबरू नका, आधी माणूस शुद्धीवर आहे का बघा. तेच शब्द आता कुठे गेले ते तिला सापडेनात.

"काकू! काकू, मी कामिनी!"

हात गार, ओलाचिंब. पण बोटं थरथरत होती आणि ओठ हलत होते. घशातून काहीतरी पुटपुटणं येत होतं, शब्द नव्हते त्याला.

"साखर!" कामिनी ओरडली. "मिनल, साखर आण. अन् अॅम्ब्युलन्सले फोन करा, काका!"

मिनल स्वयंपाकघरात धावली. डबे उघडल्याचा, आपटल्याचा आवाज. "नाही आहे वं! साखरच नाही घरात! गूळ बी नाही!"

असणार कुठून? साखर हर्षितनेच या घरातून हाकलली होती. कामिनी स्वतः धावत आत गेली आणि ओट्यापाशी जागच्या जागी खिळली. ओटा घासूनपुसून लख्ख. गॅसचं बटण बंद, सिलिंडरचंही बंद. शेगडीवर दोन बोटं हळदीकुंकवाची. एकही भांडं ओलं नाही, पोळीचा डबा धुऊन पालथा. चूल बंद. तिने लाडात येऊन टाकलेला शब्द त्या बाईने अक्षर न अक्षर पाळला होता.

"खाली!" मिनल रडत म्हणत होती. "खालून आणतो मी!"

"खाली कुठे आहे?" कामिनी म्हणाली. खाली तीनशे रोडगे होते, तुपाचा डबा होता, वाळूच्या बादल्या होत्या. गोड मात्र चमचाभरही नव्हतं, तिनेच ठेवू दिलं नव्हतं. प्रथमोपचारात मलम होतं, पंप होता, ग्लुकोज नव्हतं. जेवणावळीत कोणी उपाशीपोटी पडेल, हे एवढ्या सगळ्या तयारीत तिच्या डोक्याला शिवलंही नव्हतं.

"अवं कामिनी," दारातून गिरिधरराव ओरडले, "मायी पुडी!"

तिने कमरेला हात घातला. बटव्याची चेन तिला उघडता येईना, बोटं तुपाने बुळबुळीत झालेली. दातांनी ओढून उघडली. कागदाची ती चिमुकली पुडी.

ती काकूंच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, घास कोंबायचा नाही, तेवढं डोक्यात शिल्लक होतं. चिमूटभर साखर ओल्या बोटावर घेऊन तिने काकूंच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळली. थांबली. पुन्हा चोळली. मिनल काकूंची मान सावरून उभी होती. गिरिधरराव बाहेर फोनवर पत्ता सांगत होते, एकच पत्ता तीनतीनदा.

काही होत नव्हतं. कामिनी साखर चोळत होती आणि तोंडाने "काकू, काकू" एवढंच म्हणत होती. खालून पंगतीचं हसणं वर येत होतं, आणि वांग्याच्या भाजीचा वास. या उघड्या दारातून, या खिडकीतून तो वास या बाईने किती वेळ घेतला असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"मले एक सांग," गिरिधरराव फोन ठेवून आत आले. त्यांचा आवाज दबका होता. "हिले बोलवाले कोन गेलतं?"

"म्हणजे?"

"आवतन त तू दिलं. बोलवाले कोन आलतं?"

"मेसेज टाकला होता ना काका, ताटं वाढली म्हणून..."

"मेसेज नाही वं. मानूस." ते भिंतीला टेकले. "गावात आवतन आदल्या दिवशी जाते. अन् पानं मांडली का मंग घरोघरी मानूस जाते, दारात उभं राहून मनते, जेवाले चला. तवा उठाचं. आवतन असलं तरी बोलावल्याबिगर कोनी नाही जात पंगतीले. उपाशी राहीन, पन जाईन नाही. पाटलाच्या घरची बाई आहे ही."

ते त आवतन झालं, पोरी. गुरुवारचं ते वाक्य आता कुठे कामिनीच्या डोक्यात पोचलं. दार उघडं का होतं तेही कळलं. बोलवायला येणाऱ्याला खोळंबा होऊ नये म्हणून. आणि ते बोलवणारं माणूस खाली 'बेल वाजवायची नाही' म्हणत ताट झाकून बसलं होतं. कामिनी गुडघ्यांवर बसल्या बसल्या हमसून रडायला लागली. रडतानाही बोट थांबलं नाही.

पुडी अर्धी संपली तेव्हा काकूंनी ओठ मिटले. जीभ हलली. मग त्यांनी गिळलं, आणि चेहरा कसनुसा केला, कडू औषध घेतल्यासारखा. डोळे उघडले, पण ते कुठेतरी लांब बघत होते. कामिनीने आणखी चिमूट दिली. हळूहळू ते डोळे मिनलवर आले, गिरिधररावांवर गेले, छताकडे गेले.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली. बोटाला सुई टोचून यंत्रात पाहिलं आणि त्यांतला एक जण मान हलवून म्हणाला, "थोडं आणखी उशिरा कळलं असतं तर अवघड होतं. आता साखर चढून राहिली. पण नुसत्या साखरेनं नाही भागणार, ताबडतोब जेवण पोटात गेलं पाहिजे. जेवू द्या, मग दवाखान्यात नेऊन एकदा दाखवून घेऊ."

मिनल धावत जाऊन ते झाकून ठेवलेलं ताट घेऊन आली. रोडगा कुस्करून त्यावर तूप, वरण, बाजूला भाजी. तिने घास करून काकूंच्या तोंडापुढे धरला.

काकूंनी तोंड फिरवलं.

"खा ना काकू. तुमच्यासाठीच आणलं."

"आवतनाचं जेवन घरी आनून खात असतेत का वं?" आवाज क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते. त्यांनी मांडीवरचं आपलं रिकामं ताट चाचपलं, पेला जागेवर आहे का पाहिलं. मग दाराकडे बघून, जणू मधलं काही घडलंच नाही अशा आवाजात विचारलं, "बोलवाले कोन आलं?"

मिनल घास हातात धरून तशीच उभी होती. गिरिधररावांनी मान खाली घातली. अॅम्ब्युलन्सवाल्याने घड्याळाकडे पाहिलं.

कामिनी उठली. तोंड पुसावं हे तिला सुचलं नाही. ती उघड्या दारातून बाहेर गेली, उंबऱ्यापलीकडे उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले. हातांना तूप होतं, साखर होती.

"मी आली, काकू," ती म्हणाली. "जेवाले चला."

वच्छलाकाकूंनी तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

"इतल्या उशिरा बोलावतेत का वं," त्या म्हणाल्या, आणि वॉकरकडे हात पुढे केला.